खुंट कोणाचा, फळ कोणाचे

दिवाळीच्या सुमारास फळांच्या गाड्यांवर सीताफळांच्या शेजारी एक पाहुणे फळ अलीकडे मांडलेले दिसते. आकाराने टोमॅटोएवढे, रंगाने पिवळ्यातून केशरीकडे झुकणारे, डोक्यावर चार पाकळ्यांची वाळकी टोपी. फळवाल्याला नाव विचारावे तर तो "जपानी फळ, साहेब" म्हणून मोकळा होतो. एखादा "पर्सिमन" म्हणतो. हौसेने ते घरी आणावे, फोडी करून मुलाबाळांच्या हातावर ठेवाव्या, आणि पुढच्याच क्षणी कच्चे काजूचे बोंड खाल्ल्यासारखी सगळ्या घराची तोंडे आखडून जावीत, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. पुढच्या वर्षी शेजारी तस्सेच दिसणारे फळ आणतो आणि ते कडक असतानाच खडीसाखरेसारखे गोड निघते. आपण नशिबाला बोल लावून गप्प बसतो. नशिबाचा यात काही संबंध नाही. या फळात दोन गोत्रे आहेत, तुरट आणि गोड. आणि ती एकमेकांपासून वेगळी व्हायला माणसाची काही शतके गेली आहेत.

मी बागाईतदार नव्हे. जन्म इतिहास शिकवण्यात गेला. या फळाच्या इतिहासात शिरायला एक घरगुती कारण घडले, आणि त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. ती ओघाने येईलच.

माझी धाकटी बहीण कुलू खोऱ्यात राहते. मेहुणे नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि सेवानिवृत्तीनंतर तिथलेच झाले. घरामागे त्यांनी या जपानी फळाचे एक कलम लावले होते. फुयू जातीचे, म्हणजे गोड गोत्रातले. त्यांना फळ कडक लागे. चाकूने सफरचंदासारखे कापून, मीठ लावून खायचे. पाच-सहा वर्षे झाड फळले. मग मेहुणे गेले. त्यानंतरच्याच हिवाळ्यात मोठा बर्फ पडला आणि झाड बुंध्याशी मोडले. बहिणीने फोनवर ते सांगितले तेव्हा झाडाविषयी ती फार थोडे बोलली. चैत्रात पुन्हा फोन आला. "दादा, मुळापासून फुटवा आलाय. दोन-तीन आलेत. हे झाड जगेल ना?"

तेव्हा मी तिला जिरोची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे. या फळाचे शास्त्रीय कूळ 'डायोस्पायरॉस'. लिनियसने वापरलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ साधारण 'झ्यूस देवाचे धान्य' असा होतो. आपल्याला हे कूळ परके नाही. विदर्भातल्या ज्या टेंभुर्णीच्या पानात विडी वळली जाते ती टेंभुर्णी या कुळातलीच, आणि काळाकुळकुळीत आबनूसही त्यातलाच. जपानी फळाचे मूळ चीनकडचे. जपानात ते फार जुन्या काळापासून रुजले. तिथे त्याला 'काकी' म्हणतात. आमच्या घरात या शब्दाने बराच घोटाळा होतो, पण त्याला इलाज नाही.

जुन्या जपानातले काकी बहुतेक तुरटच. त्याच्या गरात टॅनिनने भरलेल्या खास पेशी असतात. दाताखाली त्या फुटल्या की टॅनिन लाळेत मिसळते आणि जीभ सुकल्यासारखी होते. फळ अगदी लिबलिबीत पिकले की तेच टॅनिन गोठून बसते. लाळेत विरघळत नाही, म्हणून जिभेला कळत नाही. म्हणजे तुरटपणा निघून जात नाही, नुसता झाकला जातो. जपानी माणसाने या तुरटपणाशी भांडण केले नाही, त्याला कामाला लावले. हिरवी फळे ठेचून त्यांचा रस आंबवायचा आणि तो कागदी छत्र्यांना, मासेमारीच्या जाळ्यांना, तांदळाची दारू गाळण्याच्या पिशव्यांना चोपडायचा. कागद पाण्याला दाद देत नाही, जाळे कुजत नाही. बंगालमधले नावाडी याच कुळातल्या गाबाच्या फळाचा रस होड्यांना आणि जाळ्यांना लावत. दोन देशांतल्या कोळ्यांना एकाच कुळाच्या तुरटपणात एकच गुण सापडावा, हे मला मोठे नवलाचे वाटते.

दुसरी युक्ती वाळवणाची. तुरट फळ कडक असतानाच सोलायचे, देठाला सुतळी बांधून वळचणीला टांगायचे, काही दिवसांनी रोज हलक्या हाताने चेपायचे. महिना-दीड महिन्यात आतली साखर वर येऊन फळावर पांढरी पूड धरते. आपल्याकडे आमसुले आणि फणसपोळी करणाऱ्या हातांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गिफू प्रांतातल्या हाचिया गावच्या अशा वाळवलेल्या फळांची कीर्ती एवढी की ती शोगुनाकडे नजराणा म्हणून जात. अमेरिकेत आणि आपल्या हिमाचलात लावली जाणारी टोकदार, तुरट 'हाचिया' जात त्याच गावाचे नाव मिरवते.

मग गोड फळ आले कुठून? परंपरा सांगते की १२१४ साली, आज ज्याला कावासाकी शहर म्हणतात त्या भागातल्या ओझेन्जी मंदिराच्या डोंगरात एक झाड सापडले. त्याची फळे कडक असतानाही गोड होती. त्याला 'झेन्जिमारू' नाव पडले. जपानातली गोड काकीची सर्वांत जुनी जात म्हणून तिचा मान आहे. पण ही गोडी अटीची होती. फुलात पराग पडून बी धरले तरच बियांभोवतीचा गर काळसर होऊन गोड व्हायचा; बी न धरलेले फळ त्याच फांदीवर तुरट राहायचे. फांदी एक, फळे दोन, एक गोड आणि एक तुरट! बागाईतदाराने गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवावे?

बिनअटीची गोडी आली ती यामातो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या नारा जिल्ह्यातल्या, 'गोशो' जातीतून. बी असो वा नसो, फळ झाडावरच गोड होते. मासाओका शिकी या कवीने १८९५ साली, क्षयाने पोखरलेल्या शरीराने, नारा येथे मुक्काम केला तेव्हा ही फळे मनसोक्त खाल्ली आणि या फळावरची त्याची कविता जपानातल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाली. 'फुयू' ही त्याच गोशो घराण्यातली. गिफू प्रांतातल्या एका घराजवळच्या झाडाची कलमे फुकुशिमा साइजी नावाच्या गृहस्थाने वाढवली आणि १८९८ साली तिला हे नाव दिले. 'फुयू' म्हणजे संपन्न. नाव ठेवावे तर असे.

अशी झाडे इतकी दुर्मिळ का, याचे कारण पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधले. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. काकीच्या पेशीत सहा. जपानी जातींत हा बिनअटीचा गोडपणा दबणारा गुण आहे. सहाही ठिकाणी तोच आला तरच तो वर येतो, एक जरी तुरट घुसला तरी सगळे फळ तुरट. म्हणून फुयूची बी पेरून फुयू मिळेल याचा भरवसा नाही, जसा हापूसच्या कोयीतून हापूस मिळत नाही. गोड काकी हवे तर कलमच बांधले पाहिजे.

आता जिरो. १८४४ च्या सुमारास शिझुओका प्रांतातल्या मोरी गावचा मात्सुमोतो जिरोकिची याला ओता नदीच्या काठी एक लहानसे काकीचे रोप सापडले. त्याने ते घरी आणून लावले. १८६९ साली आग लागून ते झाड जळाले. पुढच्या वर्षी जळक्या बुंध्यातून कोंब फुटला, वाढला, आणि त्याला जी फळे आली ती चौकोनी, चार बाजूंना चर पडलेली आणि विलक्षण गोड होती. लोक कलमासाठी काड्या मागू लागले. गावाने त्या माणसाच्या नावावरूनच जातीला 'जिरो' म्हटले. आज जपानातल्या गोड जातींत फुयूच्या खालोखाल तिचे नाव घेतात.

मी ही गोष्ट बहिणीला सांगितली. चांगली रंगवून सांगितली. राखेतून फुटलेला कोंब, आणि पहिल्याहून गोड फळ! ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी याला पाणी घालते." तीन वर्षे तिने घातले. सर्वांत जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढले, थंडीत बुंध्याभोवती गवत बांधले, माकडे येतात म्हणून काटे लावले.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात तिने फोनवर छायाचित्र पाठवले. झाड पुरुषभर उंचीच्या वर गेले होते आणि फांद्यांना फळे होती. करवंदाहून थोडी मोठी. काही पिवळी, काही निळसर काळी. खाली लिहिले होते, "दादा, अजून लहान आहेत. मोठी होतील ना?"

मी कोकणातला माणूस. हापूसच्या कलमाला सांध्याखालून रायवळाचा फुटवा आला की वडील तो कोयत्याने उडवत, हे लहानपणी शंभरदा पाहिलेले. "खुंटाला डोके वर काढू दिले की कलम गेले," हे त्यांचे म्हणणे कानात आहे. आणि तरीही जिरोची गोष्ट सांगताना एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता: ते झाड कोणत्या मुळावर उभे होते? जिरोचे रोप नदीकाठी आपोआप उगवलेले; वर जे झाड तेच खाली मूळ. बुंधा जळाला तरी मुळातून आला तो जिरोच. मेहुण्यांचे झाड कलमाचे. वर फुयू, खाली दुसराच कोणी. मोडल्यावर मुळातून आला तो हा दुसरा. इतिहासाच्या वर्गात मुलांना "साधन तपासा, मूळ तपासा" म्हणून जन्मभर सांगणाऱ्या माणसाने एवढे पाहू नये!

हा दुसरा म्हणजे अमलूक. काश्मीर-हिमाचलाकडे रानात आणि बांधावर दिसणारे काकीचेच भावंड. शास्त्रीय नाव 'डायोस्पायरॉस लोटस'. ते काटक आहे, थंडी सोसते, त्याची बी भराभर उगवते, तंतुमुळे भरपूर असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावले तरी जगते. रोपवाटिकेवाल्याला आणखी काय हवे? इटलीत, स्पेनमध्ये, आपल्या हिमाचलात काकीची कलमे बहुधा याच खुंटावर बांधली जातात. तुरट जाती त्याच्यावर सुखाने नांदतात. स्पेनमधली 'रोहो ब्रिलान्ते' ही तुरट जात याच खुंटावर वाढते. तिची फळे कर्बवायूच्या कोठ्यांत ठेवून, कडक असतानाच त्यांचा तुरटपणा घालवतात आणि जगभर विकतात.

पण फुयूचे आणि अमलुकाचे पटत नाही. गंमत अशी की सुरुवातीला पटल्यासारखे दिसते. सांधा जुळतो, पाने येतात, चार-दोन वर्षे फळेही येतात. आत मात्र लाकडाशी लाकूड एकजीव झालेले नसते. कधी झाड हळूहळू खंगते, कधी एखाद्या वादळात सांध्याशीच मोडते. फुयूसारख्या गोड जातींना काकीच्याच बियांवर वाढवलेला खुंट लागतो. त्याचे तोटे आहेत: मूळ सरळ खोल सोटासारखे जाते, तंतुमुळे थोडी, त्यामुळे रोप हलवताना मरण्याचा धोका, कडाक्याच्या थंडीत तो अमलुकापेक्षा नाजूक. शिवाय काकीची मुळे जात्याच काळी असतात. ती कुजली असे समजून चांगली रोपे फेकून देणारे नवशिके पुष्कळ.

तिसरा खुंट अमेरिकेतला. तिथल्या रानात स्वतःचे काकी आहे, 'व्हर्जिनियाना'. तिथल्या आदिवासींच्या भाषेतूनच 'पर्सिमन' शब्द इंग्रजीत आला. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हर्जिनियात उतरलेल्या इंग्रजांनी ते कच्चे खाऊन तोंड वाकडे करून घेतल्याची नोंद आहे. आपल्या मुलाबाळांसारखीच त्यांची गत! जपानी काकीच्या बिया तिथे पोहोचल्या १८५६ साली, कमोडोर पेरीमार्फत. पण बियांतून काय निघेल याचा नेम नाही हे वर सांगितलेच. कलमे केलेली झाडे अमेरिकेच्या शेती खात्याने जपानातून आणवली ती १८७० मध्ये, आणि ती कॅलिफोर्निया व जॉर्जियाकडे वाटली. दक्षिणेतल्या लोकांनी पुढे काड्या घेऊन आपल्या रानटी काकीच्या खुंटावर बांधल्या. तो खुंट पाणथळ जमीनही सोसतो आणि अवर्षणही. दोष एकच: मुळांतून इतके फुटवे काढतो की अंगणात एक झाड लावणाऱ्याच्या पदरी काही वर्षांत झुडपांचे रान पडते. फ्लोरिडातले ह्यूम नावाचे उद्यानशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या फळाच्या मागे लागले. बी धरले की गोड होणाऱ्या आणि बी असो-नसो न बदलणाऱ्या जातींची वर्गवारी त्यांनीच लावून दिली.

हे सगळे वाचल्यावर मला एक शंका आली. मी बहिणीला विचारले, "झाड मोडलं तेव्हा कसं मोडलं होतं? चिरफाळ्या झाल्या होत्या का?" ती म्हणाली, "नाही रे. कापल्यासारखं साफ मोडलं होतं. मला तेव्हाही नवल वाटलं." म्हणजे बर्फ निमित्ताला. त्या रोपवाटिकेवाल्याने मेहुण्यांना फुयू अमलुकावर बांधून दिले होते, आणि झाडाच्या पोटात तो सांधा पहिल्या दिवसापासून कच्चा होता.

यातले किती तिला सांगावे हा प्रश्न होता. आठ-दहा दिवस मी टाळले. नागासाकीचे काकीही डोळ्यांपुढे आले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने अर्धे जळालेले एक झाड तगून राहिले. १९९४ मध्ये एबिनुमा नावाच्या वृक्षवैद्याने त्याच्या बियांपासून रोपे केली, आणि पुढे ती देशोदेशींच्या शाळांतून लावली गेली. त्या रोपांची फळे गोड की तुरट हे कोणी विचारत नाही. फार चांगली गोष्ट आहे. पण एका चांगल्या गोष्टीने मी एकदा तिची तीन वर्षे घेतली होती; दुसरी सांगायचा धीर झाला नाही. शेवटी सरळ सांगितले: हे अमलूक आहे, फळे एवढीच राहणार, आणि चूक माझी.

पलीकडे शांतता. मग तिने विचारले, "पण हे मूळ तर ह्यांनीच लावलेलं ना?"

"हो. मूळ तेच."

"मग त्याच्यावर दुसरं बांधता येतं का?"

येते. त्याच खुंटावर पुन्हा फुयू बांधण्यात अर्थ नव्हता. तो डाव एकदा फसला होता. हाचिया मात्र अमलुकावर नांदते. ती तुरट, मऊ झाल्याशिवाय तोंडात घालवत नाही. बहीण म्हणाली, "ह्यांना मऊ फळ मुळीच आवडत नसे." आणि थोड्या वेळाने, "पण वाळवता येईल म्हणतोस तर बांधते." फाल्गुनात, झाड जागे होण्याच्या बेताला, शेजारच्या बागेतल्या हाचियाच्या काड्या आणून तिथल्या माळ्याने पाचर कलमे केली. चारांतली तीन लागली आहेत.

फुयूसाठी तिने घराच्या दक्षिणेला, उताराच्या, पाणी न साचणाऱ्या जागी दुसरा खड्डा घेऊन ठेवला आहे. काकीच्याच खुंटावरचे फुयू ती शोधते आहे. रोपवाटिकेत गेले की ती पहिला प्रश्न विचारते, "कशावर बांधलंय?" एकाने सांगितले, "जंगली पर." दुसरा म्हणाला, "मॅडम, फल की गॅरंटी है." ती तशीच परत आली. खड्डा अजून रिकामा आहे.

कलमे करताना तिने माळ्याकडून एक फांदी तशीच राखून घेतली, अमलुकाची. माळी म्हणाला, ही ठेवली तर वरच्याचा जोर खाईल. ती म्हणाली, खाऊ दे थोडा. कलमे बांधण्यापूर्वीच्या हिवाळ्यात तिने मला एक पुडा पाठवला होता. आत ती काळी, सुरकुतलेली, मनुकांएवढी फळे, गच्चीवर वाळवलेली. चव थेट खजुराची. बिया मात्र फार. आमच्या नातवाने त्या बिया मोजून कुंडीत पुरल्या आहेत आणि रोज सकाळी माती उकरून पाहतो.